लाईट कोणाची आधी घालवायची? टेक्ससचा २०२१ चा कायदा, बाबांचं ऑक्सिजन मशीन आणि कराडचा फीडर

परसबाग | ८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

बाबा ऑगस्टमध्ये कराडला परत गेले. पहिल्याच आठवड्यात रात्री आईचा फोन आला. "लाईट गेलीय. मशीन इन्व्हर्टरवर टाकलंय. किती वेळ चालंल गं?" मला सांगता आलं नाही. इथे टेक्ससमध्ये २०२१ पासून मी याच प्रश्नाच्या मागे आहे, कायदा वाचलाय, अर्ज भरलेत, आणि आईला एवढं साधं उत्तर देता येईना. म्हणून हा धागा. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

बाबांना फुफ्फुसांचा फायब्रोसिस आहे. दिवसरात्र मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते आणि आई आमच्याकडे होते, ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीला. १५ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास लाईट गेली. आळीपाळीने घालवतायत, येईल थोड्या वेळात, असं सगळे म्हणत होते. मी भारनियमनात वाढलेली मुलगी, आळीपाळी म्हणजे काय ते मला पाठ होतं. पण आमची पाळी संपेचना. बुधवारी दुपारपर्यंत अंधार, घरात सहा अंश. गाडी अंगणात उघड्यावर सुरू ठेवली, तिला छोटा इन्व्हर्टर जोडला, खिडकीच्या फटीतून वायर आत घेतली आणि त्यावर मशीन चालवलं. गाडी गॅरेजात ठेवली असती तर आम्ही कोणीच उरलो नसतो. त्या आठवड्यात कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली ती अशीच, गॅरेजात गाडी चालू ठेवून नाहीतर घरात कोळशाची शेगडी पेटवून.

दुसऱ्या रात्री दोन मैलांवरच्या मित्राकडे हललो. त्याच्याकडे लाईट एकदाही गेली नव्हती. त्याच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून त्या भागाला वीज नेणाऱ्या लाईनवर, हॉस्पिटल होतं.

लाईट कोणाची घालवायची हे कुठेतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं, हे मला त्या रात्री कळलं. तोवर मी ते पावसासारखं धरून चालले होते, आला तर आला.

मग वाचायला लागले. त्या वादळात राज्यात ४५ लाखांहून जास्त घरांची वीज गेली. सरकारी मोजणीत २४६ मृत्यू आहेत. थंडीने वीज केंद्रं गोठली, ते खरंच. पण यादीतही मोठी चूक होती. टेक्ससची निम्म्याच्या आसपास वीज गॅसवर होते. गॅसच्या विहिरी आणि पाइपलाइनवरचे बरेच कॉम्प्रेसर विजेवर चालतात. वीज कमी पडली म्हणून फीडर बंद केले, त्यात या कॉम्प्रेसरचीही वीज गेली. गॅस कमी झाला, म्हणून आणखी केंद्रं बंद पडली, म्हणून आणखी फीडर बंद करावे लागले. यातल्या कित्येक ठिकाणांनी "आमची वीज तोडू नका" असा साधा अर्जच वीज कंपनीकडे भरलेला नव्हता. भरायची सक्ती नव्हती.

टेक्ससचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच नियमित बसतं, विषम वर्षी, जानेवारी ते मे. वादळ आलं तेव्हा अधिवेशन चालू होतं, त्यामुळे विषय थंडावायला वेळ मिळाला नाही. सेनेट बिल ३ वर गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी ८ जून २०२१ ला सही केली. त्यात पुष्कळ आहे. केंद्रांनी आणि तारमार्गांनी थंडीची तयारी करायची, नाहीतर दिवसाला १० लाख डॉलरपर्यंत दंड. वीज कमी पडणार असेल तर राज्यभर इशारा द्यायचा. गॅसपासून दिव्यापर्यंतच्या साखळीचा नकाशा करायचा. वीज घालवण्याची रंगीत तालीम उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात एक घ्यायची. या सगळ्यात माझ्या घरापर्यंत पोचलेली तरतूद अगदी छोटी आहे. वीज विकणाऱ्याने ग्राहकाला वेळोवेळी कळवायचं की वीज कमी पडली तर ती कशी घालवतात, कोणत्या ग्राहकांची "अत्यावश्यक" म्हणून नोंद होऊ शकते आणि अर्ज कुठे करायचा.

ती नोंद २०२१ च्या आधीही होती. मला माहीत नव्हती, कारण मला कोणी सांगितलंच नव्हतं. अर्धा अर्ज आपण भरायचा, अर्धा डॉक्टरांनी. जीव यंत्रावर असेल तर नोंद दोन वर्षं चालते, मग पुन्हा. अर्जावरच स्पष्ट लिहिलेलं आहे की यामुळे अखंड वीज मिळेल अशी हमी नाही, पर्यायी सोय तुमची तुम्ही ठेवा.

आता प्रश्न. बाबा कराडात आहेत. महाराष्ट्रात अशी नोंद आहे का? आईने शेजारच्या दादांना तिथल्या वीज कार्यालयात पाठवलं. असा काही रकाना आमच्याकडे नाही, असं उत्तर मिळालं. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लिहा.

कळवा_निवृत्त | ८ नोव्हेंबर, रात्री ११.०५

परसबाग, बाबांना नमस्कार सांगा. मी भार प्रेषण केंद्रात, म्हणजे जाळ्यातली वीज आणि मागणी यांचा मेळ ठेवतात तिथे, सत्तावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. त्या १५ फेब्रुवारीच्या पहाटेचा फ्रीक्वेन्सीचा आलेख मी नंतर पाहिला आणि निवृत्त असूनही हाताला घाम आला.

तिकडे फ्रीक्वेन्सी ६० हर्ट्झ असते, आपल्याकडे ५०. मागणीपेक्षा वीज कमी पडली की ती घसरते. त्या पहाटे ती ५९.४ च्या खाली गेली आणि ४ मिनिटं २३ सेकंद तिथेच राहिली. ९ मिनिटं राहिली असती तर आपलं यंत्र वाचवण्यासाठी जनित्रं आपोआप सुटायला लागली असती. म्हणजे हातात उरली ४ मिनिटं ३७ सेकंद. त्यानंतर अख्खं टेक्सस काळोखात, आणि ते पुन्हा उभं करायला कित्येक दिवस, कदाचित आठवडे. टेक्ससचं बहुतेक जाळं देशाच्या पूर्व आणि पश्चिम जाळ्यांपासून वेगळं आहे, शेजाऱ्याकडून ओढून घ्यायला फार थोडी सोय. खुर्चीत बसलेल्या माणसाने फीडर तोडले म्हणून राज्य वाचलं. लोक त्यालाच शिव्या देतात, पण त्याने केलं ते बरोबरच होतं.

आता तुमची पाळी का संपली नाही ते सांगतो. तोडायची वीज होती २०,००० मेगावॉटपर्यंत. २०१०-११ च्या सुमाराला अख्ख्या महाराष्ट्राची कमाल मागणी साधारण तेवढी होती. हॉस्पिटल, पाणीपुरवठा, अग्निशमन असलेले फीडर बाजूला ठेवले. फ्रीक्वेन्सी आणखी घसरली तर आपोआप तुटावेत म्हणून राखलेले फीडर, तेही बाजूला. उरले त्यातले जवळजवळ सगळेच एकदम बंद ठेवावे लागले. फिरवायला मागे काही शिल्लकच नव्हतं. आळीपाळी करायची तर निम्मे तरी हातात लागतात. म्हणून ह्यूस्टनमधल्या रिकाम्या कचेऱ्यांचे मजले झगमगत होते आणि तुमचं घर सहा अंशावर. एकाच फीडरवर हॉस्पिटल आणि चाळीस रिकामे मजले असतील तर तोडणाऱ्याला ते वेगळे करता येत नाहीत. यादी माणसाची नसते, फीडरची असते. तुमच्या बाबांची नोंद असूनही ती अर्धीच का उपयोगी, हे त्यातच आलं.

परसबाग | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

काका, "यादी फीडरची असते", हे मला इतक्या वर्षांत कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

माणदेशी_शेत | ९ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

आमच्याकडे यादी कशी होती ते मी सांगतो. काका दुरुस्त करतील.

२००५ नंतरची सात-आठ वर्षं. फीडरचे गट पाडले होते, ए पासून खाली. गळती किती आणि वसुली किती यावर गट. वसुली चांगली तर अंधार कमी, वसुली वाईट तर अंधार जास्त. पुढे २०१२ च्या सुमाराला वरच्या गटांचं भारनियमन बंद झालं, खालच्या गटांचं चालूच. आटपाडी तालुक्यातलं आमचं गाव खालच्या गटात. माझ्या वडिलांनी एक बिल थकवलं नाही. पावत्या पत्र्याच्या पेटीत अजून आहेत. आकडे टाकणारे दुसरेच, पण तार एक, म्हणून शिक्षा एक. माझी दहावी कंदिलावर झाली.

आमच्याकडे ऑक्सिजनवर कोणी नव्हतं. पण आजीला दमा होता, आणि वाफेचं यंत्र घ्यायचं का, हे लाईटच्या वेळापत्रकावर ठरायचं. रात्री पंपाला लाईट यायची तेव्हा वडील मोटर सुरू करायला अंधारात जायचे. विंचू, साप, सगळं त्याच वाटेवर. ज्याने गट पाडले त्याला कागदावर गळतीची टक्केवारी दिसत होती, आमची आजी कशी दिसणार?

टेक्ससवाल्यांनी निदान विचारलं, की कोण मरेल. आमच्याकडे विचारलं, की कोण भरेल.

कळवा_निवृत्त | ९ नोव्हेंबर, सकाळी ११.५०

दुरुस्त करण्यासारखं काही नाही. गट तसेच होते, राज्य वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने. तुटवडा ४-५ हजार मेगावॉटपर्यंत जायचा, तो कुणावर तरी ढकलावाच लागणार होता, आणि वसुली सुधारावी हा हेतू खोटा नव्हता. पण तुमच्या वडिलांचं म्हणणं त्याच्यापेक्षा खरं आहे. मी त्या खुर्चीत बसलेलो होतो, म्हणून हे लिहून ठेवतो.

शून्यपूर्णांक | ९ नोव्हेंबर, रात्री ८.२०

ऑस्टिनमधून. परसबाग ताई, कायद्याबद्दल तुम्ही थोडं जास्तच चांगलं लिहिलंय असं मला वाटतं.

एक तर हे सगळं २०११ मध्येच कळलं होतं. त्या फेब्रुवारीतही अशीच थंडी पडली, आळीपाळीने वीज घालवावी लागली, आणि केंद्रीय चौकशीने थंडीची तयारी करा म्हणून शिफारशी दिल्या. सक्ती झाली नाही. राज्याच्या पश्चिम टोकाला एल पासो आहे, ते टेक्ससच्या जाळ्यात नाही. तिथल्या कंपनीने २०११ नंतर तयारी केली आणि २०२१ मध्ये ते जवळजवळ निभावून गेलं. दहा वर्षं आणि २४६ माणसं गेल्यावर कायदा आला.

दुसरं म्हणजे गॅसवाले सुटता सुटता राहिले. गॅसवर देखरेख रेलरोड कमिशनची. नाव रेल्वेचं असलं तरी काम तेल आणि गॅसचं. कायद्यात थंडीची सक्ती होती ती अत्यावश्यक ठरलेल्या गॅस-ठिकाणांना. कमिशनने नियमाचा पहिला मसुदा असा केला, की १५० डॉलर आणि एक अर्ज भरला की "आम्ही अत्यावश्यक नाही" म्हणून बाहेर पडता यावं. सेनेटच्या समितीत दोन्ही पक्षांचे सदस्य भडकले, तेव्हा तो बदलून नोव्हेंबर २०२१ मध्ये नवा नियम आला. ज्यांनी ही पळवाट शोधून ओरड केली त्यांचे आभार मानले पाहिजेत.

आणि डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२४ च्या थंडीत टेक्ससमध्ये फीडर तोडावे लागले नाहीत, याचं श्रेय एकट्या कायद्याला देऊ नका. या काळात इथे सौर वीज आणि बॅटऱ्या प्रचंड वाढल्या.

परसबाग | ९ नोव्हेंबर, रात्री ९.०५

तुमचं २०११ बद्दलचं म्हणणं पूर्ण मान्य. श्रेयाबद्दल मात्र अर्धंच. डिसेंबर २०२२ मध्ये टेनेसी आणि कॅरोलायनाच्या भागात फीडर तोडावे लागले, टेक्ससमध्ये नाहीत. तयारीची तपासणी करायला माणूस दारात येतो म्हटल्यावर पाइपांना गरम पट्ट्या बसतात, हे मी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून ऐकलंय. बॅटऱ्याही खऱ्या, पट्ट्याही खऱ्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. २०२५ च्या अधिवेशनात सेनेट बिल ६ झालं. ७५ मेगावॉट किंवा त्याहून मोठे नवे ग्राहक, म्हणजे मुख्यतः डेटा सेंटर, यांना जाळ्याशी जोडतानाच अशी सोय करावी लागणार, की आणीबाणीत त्यांचा भार उतरवता येईल. आधी कोणाची वीज घालवायची, त्या यादीच्या वरच्या टोकाला आता घरांऐवजी नवी डेटा सेंटर येतायत. २०२१ मध्ये असं काही होणं मला शक्यच वाटलं नसतं.

शून्यपूर्णांक | ९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

हे मात्र खरं. मी स्वतः त्याच क्षेत्रात काम करतो आणि तरीही म्हणतो, हे योग्यच आहे.

मेपलपान | १० नोव्हेंबर, सकाळी ६.४५

कनेक्टिकटहून लिहितेय. आमचा कायदा दुसऱ्या टोकाने सुरू होतो. ४ ऑगस्ट २०२० ला इसायस वादळ आलं, झाडं तारांवर पडली, कित्येकांची वीज आठवडाभर नव्हती. आमच्याकडे सहा दिवस. फ्रीजमधलं इन्सुलिन टाकून दिलं. लोक इतके संतापले, की दोन महिन्यांत विधिमंडळाचं खास अधिवेशन होऊन कायदा झाला. ९६ तासांच्या वर वीज गेली तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे २५ डॉलर बिलातून वजा, आणि खराब झालेल्या अन्न-औषधांसाठी २५० डॉलर. हा पैसा कंपनीने ग्राहकांकडून पुन्हा वसूल करायचा नाही.

तेव्हा २५० डॉलरमध्ये महिन्याचं इन्सुलिनही येत नव्हतं, ही माझी तक्रार होतीच. तरी "तुमचं नुकसान झालं" हे कुणीतरी कायद्यात लिहिलं, त्याची किंमत मला वाटते.

रात्रपाळी | १० नोव्हेंबर, दुपारी १.१०

फ्लोरिडात नर्स आहे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये इर्मा वादळानंतर हॉलिवूड नावाच्या गावातल्या वृद्ध रुग्णांच्या नर्सिंग होममध्ये एसीची वीज गेली. उष्म्याने १२ जणांचा मृत्यू झाला. शेजारीच हॉस्पिटल होतं आणि तिथे सगळं सुरू होतं. आमच्या व्यवसायातलं कोणीही हे विसरलेलं नाही.

२०१८ पासून फ्लोरिडात नर्सिंग होमला जनरेटर आणि ९६ तासांची तजवीज सक्तीची आहे. एसी पुरेसा चालला पाहिजे, तापमान ८१ फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २७ सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. वादळाचा इशारा आला की आमच्याकडे आता पहिलं काम डिझेलची टाकी मोजणं.

परसबाग, थंडीबद्दल सगळे बोलतात, पण ऑक्सिजनवरच्या माणसाला उकाडा जास्त छळतो. बाबांच्या खोलीत पंखा इन्व्हर्टरवर आहे ना?

परसबाग | १० नोव्हेंबर, रात्री ८.५५

आहे. आणि उकाड्याचं तुम्ही काढलंत म्हणून बेरिलचं लिहायलाच हवं. आमची नोंद झाल्यावर मी निर्धास्त झाले होते. ती माझी चूक.

८ जुलै २०२४, सोमवारी सकाळी बेरिल वादळ आलं. ह्यूस्टन परिसरात २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. राज्यात वीज भरपूर होती, वीज केंद्रं ठणठणीत होती. तुटल्या होत्या त्या तारा, पडली होती ती झाडं. कुठे वीज आहे आणि कुठे नाही हे दाखवणारा नकाशा बंद, म्हणून लोक एका बर्गरच्या दुकानसाखळीच्या अ‍ॅपवर कोणतं दुकान उघडं आहे ते बघून अंदाज बांधत होते. आमची लाईट पाचव्या दिवशी आली. बाबांची नोंद होती आणि तिचा काहीही उपयोग झाला नाही. पडलेल्या खांबाला यादी कळत नाही. आम्ही सॅन अँटोनियोला हॉटेलात गेलो, म्हणून निभावलं. ज्यांना जाता आलं नाही त्यांच्यातले काही उकाड्याने गेले.

वीज कमी पडते तेव्हा यादी लागते. तार पडते तेव्हा माणसं, खांब आणि छाटलेली झाडं लागतात. २०२१ च्या कायद्याने पहिल्यावर काम केलं, दुसऱ्यावर फार कमी. मी तो कायदा कवटाळून बसले आणि दुसरी सोय केली नाही.

सुरंगी | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

दापोलीकडची आहे. तुमचं पाच दिवसांचं वाचलं आणि निसर्ग चक्रीवादळ आठवलं. ३ जून २०२०. दुपारी वारा सुटला तो संध्याकाळपर्यंत. नारळी, पोफळी, आंबे, आणि त्यांच्यासोबत खांब. आमच्या वाडीत लाईट आली ती २६ दिवसांनी. विहिरीला पंप आहे पण लाईट नाही, म्हणून रहाट पुन्हा बसवला. मोबाइल चार्ज करायला ट्रॅक्टरपाशी रांग. त्यात कोविड, मुंबईकर मुलं येऊ शकत नव्हती. सासूबाईंचं इन्सुलिन माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं.

मी वायरमनना एक शब्द बोलणार नाही. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली पोरं चिखलातून खांब खांद्यावर वाहत होती, आमच्या वाडीतले पुरुष त्यांच्याबरोबर. डोंगरात गाडी जातच नव्हती. जेवण आमच्याकडेच असायचं.

फक्त एक कळत नाही. कनेक्टिकटच्या ताईंना ९६ तासांनंतर पैसे. आम्हाला २६ दिवसांचं काय?

जमाखर्च | ११ नोव्हेंबर, दुपारी ४.००

ग्राहक चळवळीत काम करतो, पुण्यात. सुरंगी ताई, उत्तर कडू आहे. आपल्याकडे भरपाईचा कायदा आहे, पण चक्रीवादळ, पूर, भूकंप अशा आपत्तींना त्यातून सूट आहे. म्हणजे कनेक्टिकटचा कायदा जिथे सुरू होतो तिथे आपला थांबतो.

आता सगळ्यांसाठी, थोडं सविस्तर.

विद्युत अधिनियम २००३ हा केंद्राचा कायदा. त्याच्या कलम ५७ प्रमाणे सेवेचे दर्जे राज्य आयोगाने ठरवायचे, आणि वीज कंपनीने ते पाळले नाहीत तर ग्राहकाला भरपाई. आपल्या आयोगाने पहिले कृती मानके विनियम २००५ मध्ये केले, मग २०१४, आणि आत्ताचे २०२१ चे. फ्यूज उडाला, तार तुटली, भूमिगत केबल बिघडली, रोहित्र जळालं, प्रत्येकाला शहर आणि खेड्यासाठी वेगवेगळी मुदत आहे, आणि मुदत उलटली की भरपाई. केंद्राने ३१ डिसेंबर २०२० ला ग्राहक हक्कांचे नियम काढले, त्यात भरपाई आपोआप मिळावी असंही आहे. प्रत्यक्षात ती मागणारेच इतके कमी, की मी पंधरा वर्षांत बघितलेली प्रकरणं बोटांवर मोजता येतील. कारण एकच. लोक वायरमनला फोन करतात आणि लाईट आली की विसरतात. तक्रार नोंदवून क्रमांक घेतलेला नसतो. क्रमांक नाही म्हणजे लाईट कधी गेली याचा पुरावा नाही. १९१२ या नंबरवर फोन करा, तक्रारीचा क्रमांक वहीत लिहा. मग कंपनीचा तक्रार कक्ष, तिथे दाद नाही तर कलम ४२(५) चा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, तिथेही नाही तर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूर. वकील लागत नाही.

परसबाग, बाबांबद्दल. रकाना नाही म्हणाले तर रकाना मागायचा. लेखी अर्ज द्या, आवक शिक्का घ्या. फीडरचं नाव मागा. नियोजित दुरुस्तीसाठी वीज बंद करणार असाल तर या ग्राहकाला आधी कळवा, एवढं तरी मागा. त्याला कोणताही अभियंता नाही म्हणणार नाही. आणि आयोग जेव्हा जेव्हा नव्या विनियमांचा मसुदा काढतो तेव्हा लोकांच्या सूचना-हरकती मागवणं त्याला बंधनकारक आहे. तुमचा हा धागा म्हणजे अर्धी सूचना लिहून झालेलीच आहे.

कळवा_निवृत्त | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

जमाखर्च यांनी लिहिलं ते करा, पण आधी आईचं उत्तर. मशीन पाच लिटरचं आहे असं धरतो. ते साधारण ३५० वॉट खातं. दोन लिटरवर ठेवलं तरी खाणं फारसं कमी होत नाही, इथे बरेच जण फसतात. इन्व्हर्टरची बॅटरी १५० एएच, १२ व्होल्ट म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. जुनी नसेल तर त्यातले हजार-बाराशे हाती लागतात. म्हणजे तीन तास. पंखा आणि दोन दिवे चालू असतील तर अडीच. टीव्ही बंद.

म्हणून घरात एक भरलेला सिलेंडर हवाच. बी टाइपमध्ये सुमारे १५०० लिटर वायू असतो. दोन लिटर मिनिटाला म्हणजे ७५० मिनिटं, साडेबारा तास. रेग्युलेटर आणि नळी त्यालाच अडकवून ठेवा, शोधायला लागू नये. महिन्यातून एकदा उघडून दाब बघा. आणि त्या खोलीत उदबत्ती, समई, मेणबत्ती काही नको. लाईट गेली की हात आपोआप मेणबत्तीकडे जातो.

रात्रपाळी | ११ नोव्हेंबर, रात्री ८.००

काकांच्या शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन. ऑक्सिजनच्या खोलीत विजेरीच. आणि बदल करण्याआधी बाबांच्या डॉक्टरांना एकदा विचारा.

परसबाग | २६ नोव्हेंबर, रात्री १०.१०

उशिरा लिहितेय, पण कामं झाली. सिलेंडर घरात आला, डॉक्टरांना विचारून. आईने भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: "इन्व्हर्टर अडीच तास. दोन तास झाले की सिलेंडर." आता फोनवर विचारत नाही, मलाच सांगते.

अर्जही दिला. पहिल्या दिवशी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आई स्वतः गेली, चौऱ्याहत्तर वर्षांची, बाबांच्या डिस्चार्जचे कागद घेऊन. एक तरुण अभियंता होते, त्यांनी बसवून घेतलं, सगळं वाचलं, शिक्का दिला, मागे फीडरचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं आणि आपला नंबर दिला. म्हणाले, यादी वगैरे माझ्या हातात नाही, पण दुरुस्तीला बंद करणार असू तर आदल्या दिवशी फोन येईल. गेल्या गुरुवारी आला.

त्या घरात आम्ही चाळीस वर्षं राहतोय. आपला फीडर कोणता ते आत्ता कळलं.

सुरंगी | २७ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

ताई, अर्जाचा मजकूर इथे टाकाल का? सोमवारी तालुक्याला जायचंय. वाडीत डायलिसिसचे एक काका आहेत आणि ऑक्सिजनवर दोघं.

परसबाग | २७ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

हा घ्या. जमाखर्च यांनी तपासून दिलाय.

"प्रति, मा. सहायक अभियंता. विषय: वैद्यकीय यंत्रावर अवलंबून असलेल्या रुग्णाची नोंद घेण्याबाबत. महोदय, आमच्या घरी (ग्राहक क्रमांक ……, मोबाइल ……) रुग्ण श्री./श्रीमती …… वय …… हे दिवसरात्र …… या यंत्रावर आहेत. यंत्र विजेवर चालते. पर्यायी सोयीवर ते …… तास चालू शकते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. विनंती की, १) आमचे घर ज्या फीडरवर व रोहित्रावर आहे त्यांची नावे कळवावीत. २) नियोजित कामासाठी पुरवठा बंद ठेवायचा असल्यास किमान एक दिवस आधी वरील मोबाइलवर कळवावे. ३) अचानक बिघाडात दुरुस्तीचा क्रम ठरवताना वरील बाब विचारात घ्यावी. ४) या अर्जाची नोंद घेऊन पोच द्यावी."

दोन प्रती न्या. शिक्का दोन्हींवर. तास लिहायची जागा रिकामी सोडू नका, आधी यंत्र खरोखर चालवून घड्याळ लावून मोजा.